तलावाचा वाटा

आमच्या मोहल्ल्यातल्या कोंडवाड्याले कोणी विचारत नव्हतं. मग नागपूरहून एक पोरगी आली, त्याच्या भिंतीवर हात फिरवला अन् डोळे मोठे करून म्हणाली, "वॉव!" त्या भिंतीवर आम्ही चाळीस वर्षं गोवऱ्या थापल्या, जाळी वाळवली, लेकरं लघवीले उभी केली. तेव्हा कोणाच्या तोंडून असा आवाज निघाला नव्हता.

कोंडवाडा म्हंजे इंग्रजाच्या काळातली मोकाट जनावरं कोंडायची जागा. चारी बाजूनं दगडाची भिंत, एक मोठा दरवाजा, आत फरशी. एका बाजूले आमचा मासोळी धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला, दुसऱ्या बाजूले तलावाची पाळ. गावात मोकाट जनावरं आजही फिरतात, पण त्यांना कोंडायची आता कोणाची हिंमत नाई; ती तर नगरपंचायतीच्या दारातच बसून असतात. कोंडवाड्यात बाभळी वाढल्या अन् साप झाले.

अन् आम्ही एकवीस बाया बसायचो बाजाररस्त्यावर, नालीच्या काठानं. पुढं मासोळीचं टोपलं, मागं नाली. बाप, आजा, पणजा तलावात डोंगा घालणारे, आम्ही विकणाऱ्या. मग रस्ता रुंद करायचं निघालं. आम्हाले सांगितलं, बायपासवर जा. बायपासवर कोण येते मासोळी घ्यायले? ट्रक?

त्याच वर्षी ती स्कीम आली. मोहल्ल्यातली जुनी वास्तू मोहल्ल्यानंच वापरात आणायची, असं काहीतरी. ती घेऊन आलेल्या त्या नागपूरच्या पोरीचं नाव रीना. घरं-इमारतींचं शिकलेली. पहिल्याच दिवशी मले म्हणाली, "काकू, बसा ना."

मी म्हणलं, "कोन काकू? मी का तुह्या बापाच्या भावाची बायको हाय?"

बिचारी लाल झाली. मग सगळ्यांसारखी बायनाबाई म्हणायले लागली.

तिनं समाजमंदिरात सगळ्या बाया बोलावल्या अन् हातात पिवळे, गुलाबी कागदाचे तुकडे दिले. म्हणे, तुमच्या स्वप्नातला कोंडवाडा लिहा, भिंतीवर चिकटवा. अर्ध्या बायांना लिहिता येत नाई. मले येते, दुसरीपर्यंत गेले मी, पण मी लिहिलं नाई. मी म्हणलं, "पोरी, माह्या सपनात कोंडवाडा येत असन तं मी आधी डॉक्टरकडं जाईन. आमाले बसाले जागा पायजे. डोक्यावर सावली, पायाखाली सुकं. चिकटव जा."

तिनं खरंच तसं लिहून चिकटवलं. म्हणून मी तिले पुढं थोडी तरी बोलू दिलं.

आमचा नगरसेवक बापूराव मागच्या खुर्चीत बसला होता. हा आमच्याच मोहल्ल्यातला, आमच्याच जातीचा, पण आता मासोळी हातानं उचलत नाई, चमच्यानं खाते. तो उभा राहून म्हणाला, "मासोळीचा बाजार तर कुठीही होते. इथी कॉफीचं दुकान टाकू, बाहेरची लोकं फोटो काढाले येतीन. गावाचं नाव होईन."

मी म्हणलं, "बापूराव, तुह्या मायनं जिंदगीभर मासोळी इकून तुले शर्ट घेतला. आज तोच शर्ट घालून तू आमाले कॉफी पाजून राह्यला?"

बाया फसकन् हसल्या. स्कीममध्ये लिहिलं होतं, मोहल्ला म्हणेल तेच होईल. बापूरावाचा इलाज चालला नाई. पण तो हसत खाली बसला तेव्हाच मी ओळखलं, की हा बसला, उठून गेला नाई.

काम उन्हाळ्यात झालं. बाभळी आमच्या माणसांनी तोडल्या. रीनाच्या कागदावर आतमध्ये चकचकीत टाइल लावायच्या होत्या. मी तिले हाताले धरून नेलं, एक गुंडभर पाणी दरवाज्यापाशी ओतलं. पाणी कोणाले न विचारता थेट पलीकडच्या कोपऱ्यात गेलं, भोकातून खाली खड्ड्यात उतरलं. जनावरांचं मूत वाहून जावं म्हणून तेव्हाच्या गवंड्यानं तो उतार दिला होता. मी म्हणलं, "मच्छीच्या बाजाराले दुसरं काय लागते? तुही टाइल सपाट. पानी तिथंच बसन अन् आठ दिवसात किडे पडतीन."

पोरगी फरशीवर उकिडवी बसली. हातानं उतार चाचपला. मग पिशवीतून कागद काढून त्याच्यावर मोठी फुली मारली. शिकलेल्या माणसाले आपल्या कागदावर फुली मारताना मी पहिल्यांदा पाहिलं.

छपराचं तर मोहल्ल्यानंच केलं. घरकुल मिळून घरोघरी स्लॅब पडली होती, जुने कवेलू, म्हंजे कौलं, परसात ढीग लावून पडले होते. ज्याच्या त्याच्या घरचे कवेलू आले. माझ्या घरचे सगळ्यात जुने, सगळ्यात काळे. एकही फुटला नव्हता. बाकीच्यांच्या कवेलूंबद्दल मी काही बोलत नाई.

आता ओटे. दगडाचे बसके ओटे करायचे ठरलं. किती? माझी सून कुंता अर्ज लिहीत होती. बारावी झालेली आहे, त्याचा तिले जरा वारा आहे. म्हणाली, "आई, बाया एकवीस. एकवीस ओटे लिवते."

"बावीस लिव," मी म्हणलं. "तलावाचा एक."

इथं सांगावं लागते. आमच्यात तलावावर मिळून जाळं टाकलं, की पाळीवर पळसाच्या पानांवर मासोळीचे वाटे पाडतात. एक माणूस वाट्याले काठी लावते अन् विचारते, "हा कोनाचा?" दुसरा पाठ फिरवून, पिंपळाकडं तोंड करून उभा असते; त्याले वाटे दिसत नाईत. तो नाव सांगते. ज्याचं नाव निघालं, त्याचा तो वाटा. भांडण नाई, तंटा नाई. अन् माणसांपेक्षा एक वाटा नेहमी जास्त पाडतात. तो तलावाचा. ज्याच्या घरी जाळं नाई, त्यानं तो उचलायचा. रांडवली बाई असो, आजारी असो, रस्त्यानं जाणारा असो.

कुंता म्हणाली, "आई, सरकारी कागदात रिकामा ओटा दिसला तं ते इचारतीन, हा कोनाचा."

"तं सांगजो, तलावाचा. बारावी झाली म्हून तलावाले हिशेब शिकवशीन का?"

तिनं तोंड पाडलं अन् बावीस लिहिले. ओटे बावीस, नावं एकवीस. चूक माझी होती. पण हे मी इथं लिहून राह्यले, कुंतेले सांगितलं नाई.

ओट्यांची वाटणीही आम्ही तशीच केली. पाळीवर वाटे सांगणारा म्हातारा इसरूबुवा पाठ फिरवून उभा राहिला. त्याच्या तोंडात एकही दात नाई, पण वाटा सांगताना तो आजवर खोटं बोलला नाई. रीना फोनवर सगळं टिपत होती. मी दरवाज्याजवळचा ओटा मनात धरून ठेवला होता. येणारं गिऱ्हाईक पहिलं तिथंच थांबणार. अन् खरं सांगायचं तर बाजार उभा केला कोणी?

कुंतेनं दरवाज्याजवळच्या ओट्याले काठी लावली. "हा कोनाचा?"

इसरूबुवा म्हणाला, "तलावाचा."

काठी पुढं सरकली, एकेकीचं नाव निघत गेलं. सगळ्यात शेवटी कोपऱ्यातला राहिला, जिथं सगळं पाणी येऊन भोकात पडते. "हा कोनाचा?"

"बायनाचा."

एकदोघी तोंडावर पदर घेऊन खोकल्या. मी म्हणलं, "हसा. तुमचं धुतलेलं पानी माह्या पायाखालून जाईन, तवा मले कळन कोनाची मासोळी शिळी हाय." हसणं बंद झालं.

पोळा झाला अन् बाजार बसला. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी बापूराव आला, हातात कागद. माझ्या कोपऱ्यापाशी उभा राहिला, नाकाले रुमाल.

"बाई, करार वाचला का? जो ओटा बाजार सुरू झाल्यावर पंधरा दिवस रिकामा, तो नगरपंचायतीकडं जाते. मंग नगरपंचायत तिले पायजे त्याले देते."

"कोनाले देते?"

"आपला प्रफुल हाय ना, माहा भाचा. त्यानं कॉफीची मशीन बुक केली."

मी पावशीवर, म्हंजे विळीवर, मरळ कापायची थांबले. बापूराव मागं बसला होता तो ह्याच्यासाठी. दरवाज्यात कॉफी बसली, म्हंजे दरवाजा प्रफुलचा. आज एक मशीन. उद्या चार खुर्च्या. परवा गिऱ्हाईक म्हणेल, मासोळीचा वास येते. अन् वासापायी कोणाले हाकलतात? कॉफीले नाई. आम्ही परत बायपासवर.

"सोमवारी पंधरा दिवस भरतात, बाराले मुख्याधिकारी पाहाले येनार," बापूराव म्हणाला. "तवा ओटा रिकामा नसन तं माही काही ना नाई. तुमीच बसा ना तिथी. इथी कुंतेले बसवा. मोहल्ला तुमच्या शब्दाबाहेर हाय का?"

मग तो खाली वाकला, रुमाल काढला अन् हळू म्हणाला, "खा ना बाई, एक डाव तलावाचा वाटा. मंग आपन दोघं बरोबर."

हे काय होतं ते मले माहीत, त्याले माहीत. ह्याच्या बापानं एका वर्षी पाळीवरून तलावाचा वाटा उचलून बाजारात विकला होता. घरी दोन जाळी असताना. मी नवी सून होते, तरी मी साऱ्या मोहल्ल्यासमोर उभी राहून बोलले. "तलावाचा वाटा खाणारे" हे नाव त्या घराले मीच चिकटवलं. तीस-पस्तीस वर्षं निघू दिलं नाई. बापूरावाच्या लग्नात मांडवातही बोलले. निवडणुकीतही बोलले. माझी जीभ तशी आहे.

संध्याकाळी बाया जमल्या. त्यांचंही तेच: बाई, तुम्ही दरवाज्यात बसा, कुंता कोपऱ्यात, झंझट मिटली. रीनाले फोन लावला, ती म्हणाली, "चालेल बायनाबाई, कायद्यानं काही अडचण नाही. मोहल्ला सभेनं फक्त नाव लिहून द्यायचं."

कायद्यानं अडचण नव्हती. बायांची अडचण नव्हती. दरवाजा मले पाहिजेच होता. फक्त एका घरात दोन ओटे, अन् त्यातला एक तलावाचा. घरात चार जाळी खुंटीले लटकलेली. बापूरावानं काटा बरोबर घशात अडकवला होता, अन् तो काटा माझ्याच मासोळीचा होता.

कुंता भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, जाळं नसलेलं एक मानूस तं रोज बाजारात येते."

"कोन?"

"सोमारी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमारी जंगलाकडच्या गावातली गोंडीण. पावसाळ्यात बांबूचे कोंब, म्हंजे आमचे वास्ते, अन् भुईतून निघणाऱ्या सात्या, म्हंजे अळंबी, घेऊन येते; पुढं सीताफळं; उन्हाळ्यात मोहाची फुलं अन् टेंभरं. नालीवर असताना ही माझ्या टोपल्यापुढं येऊन बसायची. गिऱ्हाईक वास्ते पाहायले वाकलं, की त्याले माझी मासोळी दिसेना. मी तिले दर बाजारी उठवली. एकदा म्हणलं, "जंगलातल्या मानसानं जंगलात बसावं." दुसऱ्या बाजारी तिनं टोपलं पुन्हा तिथंच ठेवलं. ती बाई भांडत नाई. नुसती बसते. भांडणारीले हाकलता येते, बसणारीले कसं हाकलणार?

तिच्या गावात जाळं आहे की नाई, हे मी कुंतेले विचारलं. कुंता म्हणाली, "नदी चार कोस लांब. डोंगर हाय. जाळं काय झाडावर टाकन?"

ह्या पोरीले कधी कधी बोलता येते. माझ्याकडूनच शिकली असेल.

सोमवारी सकाळी मी बाजाररस्त्यावर गेले. सोमारी एकटीच जुन्या जागी बसली होती, नालीच्या काठावर. शेजारी जेसीबी घरघरत होता, तिच्या वास्त्यांवर धूळ बसत होती. ती एकेक कोंब पदरानं पुसत होती.

मी उभीच राहून म्हणलं, "उठ."

तिनं वर पाहिलं. "आता इथीबी तुही जागा हाय का, बाई?"

"इथी नाई. कोंडवाड्यात चाल. तुले ओटा हाय. दरवाज्याजवळचा."

"मले नको."

"नको? साऱ्या गावाचा डोळा हाय त्याच्यावर."

"मंग साऱ्या गावाले दे." ती कोंब पुसत राहिली. "तुह्या तोंडासमोर बसनं नको मले. इथी जेसीबी बरा. तो फक्त आवाज करते."

शेजारचा चहावाला हसला. मी त्याच्याकडं पाहिलं, तो कपबशा धुवायले लागला.

मले गयावया करता येत नाई. मी सरळ सांगितलं. तलावाचा वाटा काय असते ते सांगितलं. आज बारा वाजता ओटा रिकामा दिसला तर काय होईल ते सांगितलं. दरवाजा जाईल, मागोमाग एकवीस बाया जातील. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे काम तुहं हाय," ती म्हणाली. "माहं नाई."

"काम माहं. वाटा तुहा. तो मी नाई देऊन राह्यली, तलाव देऊन राह्यला. मी देनारी असती तं तुले कायले दिला असता?"

हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. पुढचे दोन दात तिचेही गेलेले आहेत.

"त्या दिवशी तू काय म्हनली होती? जंगलातल्या मानसानं?"

मी जेसीबीकडं पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "येते. पन टोपलं तू उचल. ह्या रस्त्यावरून तू मले किती डाव उठवलं, सगळ्यांनी पायलं. आता नेतानाबी पाहू दे."

मी आजपर्यंत माझ्या टोपल्याशिवाय दुसऱ्याचं टोपलं डोक्यावर घेतलं नाई. नवऱ्याच्या बहिणीचं नाई, सुनेचं नाई. घड्याळ विचारलं, तर चहावाला म्हणाला, साडेअकरा. मी पदराची चुंबळ केली. डोक्यावर ठेवली. सोमारीनं टोपलं उचलून माझ्या डोक्यावर दिलं. वास्ते ओले होते, चांगले जड. तिनं पाणी मारून आणले होते वजनाले, हे मी तिथंच ओळखलं.

मी पुढं, ती हात हलवत मागं. दुकानदार बाहेर येऊन पाहत होते. कोणीतरी म्हणालं, "बायनाबाई, मच्छी सोडली का?" मी म्हणलं, "तुह्या तेराव्याले लागतीन म्हून वास्ते घेऊन चालली."

कोंडवाड्याच्या दरवाज्यात बापूराव, प्रफुल, रीना अन् मुख्याधिकारी उभे होते. प्रफुलच्या हातात मापायची फीत. ओट्याची लांबी मोजून राह्यला होता. मी टोपलं त्याच्या फितीवरच ठेवलं. त्यानं हात मागं ओढला.

"बस," मी सोमारीले म्हणलं.

ती बसली. नुसती बसली, तिले येते तसं.

मुख्याधिकाऱ्यानं विचारलं, "हा ओटा कोणाचा?"

आवाज कोंडवाड्यात घुमला. इसरूबुवा आत भिंतीले टेकून बिडी ओढत होता. तो सवयीनं उठला, पिंपळाकडं तोंड केलं, आमच्याकडं पाठ केली. मी बापूरावाकडं पाहून घेतलं.

"तलावाचा," इसरूबुवा म्हणाला. "सोमारीनं उचलला."

कुंतेनं सभेचा कागद पुढं केला. तो तिनं आदल्याच दिवशी लिहून, बायांचे अंगठे घेऊन ठेवला होता. मले न विचारता. त्याच्यावर घरी बोलणं झालं, ते इथं सांगत नाई. मुख्याधिकाऱ्यानं कागद वाचला, सोमारीले नाव विचारलं, वास्ते कसे करतात विचारलं अन् अर्धा किलो घेऊन गेला.

बापूराव जाताना माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "बाई, दरवाजा तुमाले भेटत होता."

"तुह्या बापालेबी वाटा भेटला होता," मी म्हणलं.

आता रोज मी कोपऱ्यात बसते. बाकी वीस जणींचं धुतलेलं पाणी माझ्यापाशी येते. कोणाची शिळी, कोणाची बर्फातली, मले सगळं कळते, अन् ज्या त्या बाईले कळते की मले कळते. पाणी खड्ड्यात उतरते, खड्ड्यावर कुंतेनं केळी लावली. केळी चांगली आली, पण आळं वाकडं केलं तिनं.

गिऱ्हाईक दरवाज्यातून येते. पहिले सोमारीपाशी थांबते. तिथून ती बोट करून सांगते, "मच्छी पायजे? तिकडं कोपऱ्यात. म्हातारीपाशी ताजी हाय."

जशी काही तिनं सांगितल्याशिवाय ती शिळी होती.